एका हाताचं टायपिंग

माझा उजवा हात गेला तो सकाळी, नवऱ्याचा डबा भरताना. चमचा हातातून सुटून ओट्याखाली पडला, तो घ्यायला मी वाकले आणि परत उठताच येईना. मी नवऱ्याला हाक मारली. निदान मला तरी वाटलं, की मारली. तो बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. त्याला नुसता एक घोगरा, लांबट आवाज ऐकू आला, शेजारच्या घरातून कुणी ओरडावं तसा. तो आत आला तेव्हा मी ओट्याला टेकून बसले होते आणि माझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. शेजाऱ्यांनी मला खुर्चीवर बसवून खाली नेलं. त्या खुर्चीत बसल्याबसल्या मी उजव्या हाताची बोटं हलवायचा प्रयत्न करत होते आणि मनात एकच विचार होता, प्रवेशाची पत्रं अर्धी राहिलीत.

आज हसू येतं, पण तेव्हा तोच विचार आला. मी मुलुंडला एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात काम करते. शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. संस्थेची सगळी मराठी पत्रं, परिपत्रकं, दाखले वर्षानुवर्षं मीच टाइप करत आले. घाटकोपरच्या एका क्लासमध्ये टाइपरायटरवर शिकलेली मी, पुढे कॉम्प्युटर आला तरी बोटांची सवय तीच. कीबोर्डकडे न बघता, समोरच्याशी बोलत बोलत मी अख्खं पान उतरवत असे. सेक्रेटरी सर पाहुण्यांना सांगायचे, "यांचे हात बघा." मला ते आवडायचं. दुसरं काही मला फारसं येत नव्हतं, हे मात्र खरं.

हॉस्पिटलमधून घरी आले. पाय हळूहळू सुधारला. पाय ओढत का होईना, मी भिंत न धरता चालायला लागले. हात मात्र जिथे होता तिथेच राहिला, मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा. आणि जीभ. जिभेचं मी कुणाला समजावूच शकत नव्हते, कारण समजवायला जीभच लागते. डोक्यात वाक्य पूर्ण तयार असायचं, अगदी काना-मात्रेसह, आणि तोंडातून बाहेर पडायचा चिखल. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज मोठ्यानं वाचा, रोज बोला. घरच्यांशी भरपूर बोला."

घरच्यांशी बोलायचं तर घरचे मला बोलू देत नव्हते. नवरा इतका जीव लावणारा, की मी "पा" म्हणायच्या आत पाण्याचा ग्लास हातात. कुणी भेटायला आलं आणि विचारलं, "आता कसं वाटतं?" की हा उत्तर द्यायचा, "बरं आहे तिला. जेवते नीट. झोप लागते." मी मान हलवायचे. बहिणीचा फोन यायचा, तो स्पीकरवर टाकायचा आणि माझं अर्धं वाक्य पूर्ण करायचा. बहुतेक वेळा तो बरोबरच असायचा. त्यामुळे तक्रार तरी काय करणार! पण दिवसभरात माझ्या तोंडून एकही पूर्ण वाक्य बाहेर पडत नव्हतं, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काही महिन्यांनी मी ऑफिसला जायला लागले. नवरा हायवेनं रिक्षाने सोडायचा. सेक्रेटरी सरांनी चांगुलपणानं मला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसत्या या, बसा. आराम करा. काम होत राहील." माझ्या कामासाठी एक तात्पुरती मुलगी ठेवली होती. सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, मला ऐकू येत नसल्यासारखे. मी काही म्हटलं की हसून मान डोलवायचे. "हो हो मॅडम." एकदा मी एका शिक्षिकेला विचारलं, की शौचालयाची चावी कुणाकडे आहे, तर ती म्हणाली, "हो ना, फारच उकडतंय." आणि निघून गेली.

माझ्या शेजारच्या टेबलावर प्रवेशाचं काम बघणारी बाई होती. आम्ही जवळपास एका वयाच्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या, पण मैत्री म्हणाल तर नव्हती. पंख्यावरून आमचं कधीतरी वाजलं होतं. तिला पंखा पाचवर लागायचा, माझे कागद उडायचे. तेव्हापासून कामापुरतं बोलणं. ती घाटकोपरला राहायची, तोंडाची फटकळ, सरांनाही सरळ बोलणारी. मी परत आल्यावर सगळे माझ्याभोवती जमले, तेव्हा ती जागेवरून उठलीसुद्धा नाही. मला ते लागलं होतं.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे स्टेपलर मागितला.

"काय?" ती म्हणाली.

मी परत म्हटलं.

"नाही कळलं. परत बोल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत कुणी मला असं तोंडावर सांगितलं नव्हतं. मी रागानं, एकेक अक्षर सोडवत म्हटलं, "स्टे-प-लर."

"हां, स्टेपलर. मग असं बोल ना." तिनं ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली.

त्या दिवशी मी स्टेपलर बराच वेळ हातात धरून बसले होते. राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं. कितीतरी दिवसांनी माझा एक शब्द, माझ्याच तोंडून, समोरच्यापर्यंत पोचला होता.

काम मागायचं तर आधी कॉम्प्युटर उघडता यायला हवा. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला सुरुवातीलाच कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबावी लागतात. दोन हातांच्या माणसाला ते कधी जाणवतही नाही. मी डाव्या हाताची बोटं ताणली, पोचली नाहीत. अंगठ्यानं दोन दाबून पेनच्या टोकानं तिसरं दाबायला गेले, पेन निसटलं. शेवटी आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून मी वाकले आणि हनुवटीनं दाबायला लागले.

शेजारची बघत होती. ती उठून आली. तिनं माझ्या कीबोर्डवरचं शिफ्टचं बटण टकाटक पाच वेळा दाबलं. मशीननं आवाज केला आणि एक चौकट आली.

"ही चौकट माहितीये ना? चुकून येते आणि आपण वैतागून बंद करतो ती. ती ठेव. 'हो' म्हण." तिनं 'हो'वर क्लिक केलं. "आता कंट्रोल दाब आणि सोड. सोड गं, धरून ठेवू नकोस. आता आल्ट दाब, सोड. आता डिलीट."

मी एकेक बटण दाबलं. पडदा उघडला.

"मशीन लक्षात ठेवतं, आधीचं बटण दाबलंय म्हणून," ती म्हणाली. "कॉपी, पेस्ट, सगळं असंच. एकामागून एक. घाई नाही."

मी विचारलं, तुला हे कसं माहीत? ते विचारायलाही मला दोन प्रयत्न लागले. तिनं सांगितलं, की तिच्या मोठ्या भावाचा हात कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेला होता. तो घरात बसून राहायचा, तेव्हा तिनं सेटिंग्ज शोधून शोधून त्याला एका हातानं टायपिंग शिकवलं. पुढे तो एका कुरिअरच्या ऑफिसात नोकरीलाही लागला. "आता नाहीये तो," ती म्हणाली. "काविळीनं गेला." आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या आवाजात फरक पडला नव्हता, पण त्या दुपारी तिनं पंखा तीनवर आणला.

तिथून माझं शिकणं सुरू झालं. पन्नाशीच्या आसपास, डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलीसारखं. घरी आल्यावर नवऱ्याच्या फोनवर व्हिडिओ बघायचे, दुसऱ्या दिवशी ऑफिसात करून बघायचे. आमच्या पत्रांत तीच ती वाक्यं येतात. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोटांनी टाइप केलं असेल, देव जाणे. आता मी चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या यादीत जाऊन मशीनला शिकवलं, की मी नुसतं 'उवि' लिहिलं की तू हे अख्खं वाक्य टाक. 'सस' म्हटलं की संस्थेचं पूर्ण नाव. 'पावि' म्हटलं की "पालकांनी सहकार्य करावे ही विनंती" असा शेवट. दोन अक्षरं, एक स्पेस, आणि ओळ उमटायची. कॉपी केलेल्या आधीच्या गोष्टीही मशीन जपून ठेवतं, विंडोजच्या बटणानंतर व्ही दाबलं की त्या सगळ्या समोर येतात, हेही मला तेव्हाच कळलं.

बोनाफाइडचं तर सांगायलाच नको. परीक्षेच्या आधी मुलं दाखल्यांसाठी रांग लावतात. पूर्वी मी आधीच्या मुलाची फाइल उघडायचे, नाव खोडायचे, नवं टाइप करायचे, इयत्ता बदलायचे, जन्मतारीख बदलायचे. मेल मर्ज नावाचा प्रकार त्याच प्रोग्रामच्या मेनूत इतकी वर्षं होता. एक नमुना करायचा, नाव, इयत्ता, तारीख यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, मुलांची यादी वेगळी जोडून द्यायची. अख्ख्या वर्गाचे दाखले तयार. पहिल्यांदा ते पानामागून पान आपसूक भरताना पाहिलं आणि मला आनंद झाला नाही. ज्या हातांचं कौतुक ऐकत मी इतकी वर्षं काढली, त्यांचं बरंचसं काम मुळात लागतच नव्हतं. दोन धडधाकट हात होते म्हणून मला कधी ते शोधायची गरज पडली नाही.

पण नवीन मजकूर, लांब पत्रं, त्यांना असल्या युक्त्या पुरत नव्हत्या. एका बोटानं पान लिहायला दुपार जायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारची हेडफोन घेऊन आली आणि म्हणाली, "चल, फायलींच्या खोलीत."

जुन्या फायलींच्या त्या खोलीत एक जादा कॉम्प्युटर होता. तिनं लिहायचं पान उघडलं, भाषा मराठी केली आणि माइकचं चिन्ह दाबलं. "बोल. तू बोलशील ते हा लिहील."

मी म्हटलं, "माननीय मुख्याध्यापक."

पडद्यावर आलं, "मानी मुख्य दगड."

मी परत म्हटलं. या वेळी वेगळंच काहीतरी आलं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लोक माझं बोलणं समजल्याचं दाखवत होते, नवरा खरंच समजून घेत होता, आणि हे मशीन मात्र जसं ऐकलं तसं समोर काळ्या अक्षरांत मांडत होतं. माझं बोलणं लोकांच्या कानांवर कसं पडतं, ते मला पहिल्यांदा दिसलं. मी रडायला लागले.

ती थांबली. डोळे पुसायला तिनं रुमालही दिला नाही. रडून झाल्यावर म्हणाली, "या मशीनला तुला 'बिचारी' म्हणता येत नाही. बरं आहे ना. लाव परत."

मग रोज जेवणाची सुट्टी त्या खोलीत. ती डबा खायची, मी बोलायचे. कोणता आवाज कुठे अडकतो, ते हळूहळू दिसायला लागलं. 'र' गळून जायचा. 'ळ' आणि 'श' माझ्या तोंडून निघतच नव्हते. एकदा मी पूर्ण जोर लावून म्हटलं, "आमची शाळा सकाळी भरते," आणि पडद्यावर आलं, "आमची साला सकाली मरते." ती पोळीचा घास तोंडात असताना खो-खो हसायला लागली, तिला ठसका लागला. माझ्यासमोर इतक्या महिन्यांत इतकं मोकळं कुणी हसलं नव्हतं. मीही हसले. माझ्या चेहऱ्याची एकच बाजू हसते, ती हसली.

विरामचिन्हं त्याला समजत नव्हती. "पूर्णविराम" म्हटलं की तो अक्षरशः 'पूर्णविराम' लिहायचा. त्यावर मी उपाय काढला. सगळं बोलून झालं, की कंट्रोल, मग एच, आणि 'पूर्णविराम' या शब्दाच्या जागी सगळीकडे टिंब. 'नवीन ओळ' हीसुद्धा तशीच बदलायची. शेजारचीला दाखवलं तर म्हणाली, "झकास. हे मला सुचलं नसतं." इतकंच. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

घरी मात्र अजून तेच चालू होतं. एका रविवारी नणंद आली. तिनं मला विचारलं, "ऑफिस झेपतं का गं?" आणि नवरा म्हणाला, "झेपतं. जरा दमते, पण..." ती गेल्यावर मी त्याला समोर बसवलं.

"अहो, माझं उत्तर मला देऊ द्या."

त्याचा चेहरा पडला. "तुला त्रास होऊ नये म्हणून बोलतो मी."

"होऊ दे त्रास."

"लोक थांबत नाहीत गं. अवघडतात. मला बघवत नाही."

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "तुम्ही थांबलात की तेही थांबतील."

त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते साहजिक होतं. माझी वेणी घालायला शिकलेला माणूस तो, त्याला मी गप्प बसा म्हणत होते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "काय म्हणता?" असं विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ओठ घट्ट मिटले होते आणि दोन्ही हात खिशात घातले होते, बोलणं हातांतूनच निसटेल अशा भीतीनं. मी सावकाश उत्तर दिलं. डॉक्टर थांबले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटलं नव्हतं, तू एवढं बोलशील." मग त्यानं रिक्षा थांबवली आणि मुलुंड की घर, हे रिक्षावाल्याला मला सांगू दिलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सेक्रेटरी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रवेशाच्या काही कागदांवर सह्या घ्यायला शेजारचीही तिथे उभी होती. सर वाईट माणूस नव्हेत. चहा मागवला, नवऱ्याची चौकशी केली, आणि मग म्हणाले, की तब्येतीच्या कारणानं लवकर निवृत्ती घेता येते, सगळे लाभ नीट मिळतील, ते स्वतः लक्ष घालतील. "कशाला दगदग, मॅडम?"

मी म्हटलं, "सर, मला माझी पत्रं परत हवीत."

त्यांना कळलं नाही. मी घाबरले होते आणि घाबरले की जीभ आणखी जड होते. त्यांनी सवयीनं शेजारचीकडे बघितलं. "काय म्हणतात त्या?"

ती म्हणाली, "त्यांनाच विचारा ना, सर."

सरांचा चेहरा लाल झाला. मग ते माझ्याकडे वळले, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाले, "मॅडम, परत सांगता का?"

मी परत सांगितलं. सांगितलं की मला नुसतं बसवू नका. दाखले मी आता आधीपेक्षा लवकर करते, करून दाखवते. पत्रंही लिहीन, वेळ लागेल. वेळ लागला तर विचारा, पण काम काढून घेऊ नका. बोलून झाल्यावर मला घाम फुटला होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बघू या. वर्षअखेरपर्यंत बघू."

दाखले आणि पालकांची पत्रं माझ्याकडे आली. सभांची इतिवृत्तं आली नाहीत, ती त्या तात्पुरत्या मुलीकडेच राहिली आणि पुढे ती मुलगी कायम झाली. मला वाईट वाटलं, पण ती काम चांगलं करत होती. वर्षअखेर आली आणि गेली, निवृत्तीचा विषय पुन्हा निघाला नाही. हात सुधारला नाही. फिजिओथेरपिस्टनं एक दिवस स्वतःच सांगितलं, की आता आहे तेवढाच राहील, व्यायाम आखडू नये म्हणून करायचे. मी घरी येऊन नवऱ्याला ते सांगितलं आणि आम्ही दोघंही त्या संध्याकाळी जेवलो नाही.

नंतरच्या जूनमध्ये शेजारचीची संस्थेच्या बोरीवलीच्या शाळेत बदली झाली. तिनंच मागितली होती, आई तिकडे एकटी होती. निरोपसमारंभ तिला नको होता. कप, चपला आणि देवाचा फोटो पिशवीत भरून ती शनिवारी गेली. टेबल रिकामं झालं आणि मला ऑफिस फार मोठं वाटायला लागलं.

पावसाळा सरत आला तेव्हा तिचा फोन आला. "ऐक ना, ते मेल मर्ज मला जमत नाहीये. इथे दाखल्यांची वाट लागलीये. येशील का?"

मी गेले. नवऱ्यानं सोडलं आणि तो कुणा नातेवाइकाकडे गेला. मी तिच्या शेजारी बसून नमुना करून दिला, यादी जोडून दिली, कुठे स्पेस चुकते ते दाखवलं. तिच्याकडून दोनदा बिघडलं, दोनदा मी परत करायला लावलं. ती चिडली, मीही चिडले. शेवटी पानं भरायला लागली तेव्हा तिनं खुर्चीत मागे रेलून हात डोक्यावर ठेवले.

नंतर आम्ही नॅशनल पार्कच्या बाजूला चालत गेलो. माझ्या चालीनं, म्हणजे फारच हळू. भिंतीलगतच्या बाकावर बसून भाजलेलं कणीस खाल्लं. तिनं माझं कणीस दाणे काढून कागदात दिलं. समोरून मुलं सायकली घेऊन चालली होती. आम्ही ऑफिसातल्या लोकांबद्दल थोडं बोललो.

"हात दुखतो का गं?" तिनं विचारलं. माझ्या हाताबद्दल ती पहिल्यांदाच विचारत होती.

"थंडीत दुखतो," मी म्हटलं. "रात्री जास्त."

"हं," ती म्हणाली. तिनं कागदातले उरलेले दाणे माझ्याकडे सरकवले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.